अर्डुइनोवरून कूलर आणि बोअरची मोटर चालवायची आहे? आधी एवढं वाच

तुझा प्रश्न थोडक्यात असा: डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, अर्डुइनो ऊनो (प्रोग्राम टाकता येणारा छोटा कंट्रोल बोर्ड) आणि चार निळ्या रिलेंचा (विजेवर चालणाऱ्या स्विचांचा) मॉड्यूल सोलापूरच्या नवी पेठेतून आणलास, त्यावर घरातला बल्ब चालू-बंद करून पाहिलास. आता त्याच मॉड्यूलवर घरच्या कूलरचा पंप आणि सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागेतली ५ एचपीची थ्री फेज बोअर मोटर घ्यायची आहे. मित्र म्हणतो, रिलेवर १० अँपिअर २५० व्होल्ट छापलंय, मोटर साडेसात अँपिअर घेते, बिनधास्त लाव.

कूलरचा पंप लाव, काही अटींवर. मोटर त्या मॉड्यूलवर लावू नकोस. मित्राचा हिशोब कागदावर बरोबर दिसतो, पण त्यात तीन गोष्टी सुटल्यात. एक, छापलेले १० अँपिअर हे बल्ब-हीटरसारख्या साध्या लोडसाठी आहेत. मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते, म्हणजे तुझी साडेसातची मोटर उठताना चाळीसच्या आसपास जाते. दोन, थ्री फेजमध्ये दोन फेजच्या मधे ४१५ व्होल्ट असतात, रिलेचा काँटॅक्ट २५० चा. तीन, तिन्ही फेज एकदम तुटायला आणि एकदम जुळायला हव्यात. तीन वेगळे रिले कोडमध्ये एकाच वेळी चालू केले तरी त्यातला एक आधी झिजतो, चिकटतो किंवा लागतच नाही, आणि मोटर दोन फेजवर गुरगुरत जळते. बोअरमधून मोटर काढून वाइंडिंग करून परत सोडायचा खर्च तुझ्या वडिलांना विचार.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल बनवतो. टॉवेलच्या कारखान्यांची, लूमची, पाण्याच्या टाक्यांची कामं असतात. प्रोजेक्टच्या दिवसांत पोरं असले मॉड्यूल घेऊन येतात. अर्डुइनोला माझा विरोध नाही, उलट दोन-तीन ठिकाणी मी स्वतः वापरलाय. फक्त त्याच्याकडून काम कोणतं करून घ्यायचं हे ठरलेलं पाहिजे. मुकादमाने सांगायचं, पोतं हमालाने उचलायचं. आणि मुकादम झोपला, चक्रावला किंवा भलतंच बोलायला लागला तरी कुणाचा जीव जाता कामा नये, अशी जोडणी आधी करायची. कोड त्यानंतर.

आधी मुकादमाची, म्हणजे अर्डुइनोची, ताकद बघ. ऊनोच्या एका पिनने २० मिलिअँपिअरच्या आत राहावं, ४० ही शेवटची मर्यादा, तिथे पोहोचायचंच नाही. तुझ्या मॉड्यूलवरच्या ५ व्होल्टच्या निळ्या रिलेची कॉइल (काँटॅक्ट ओढून घेणारं तारेचं वेटोळं) साधारण ७० ओहमची असते, म्हणजे ती ७० मिलिअँपिअर घेते. म्हणून सुटा रिले पिनला थेट कधी लावायचा नाही. मधे ट्रान्झिस्टर लागतो, बेसला एक किलोओहम, आणि कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड. कॉइल बंद होताना ती जो उलटा झटका देते तो या डायोडमधून जिरतो, नाहीतर ट्रान्झिस्टर जातो आणि पाठोपाठ पिन. मॉड्यूलवर हे सगळं आधीच असतं, म्हणून तू सुटलास. पण चारही रिले एकदम लागले की जवळपास ३०० मिलिअँपिअर झाले. तेवढे ऊनोच्या ५ व्होल्ट पिनमधून घेऊ नकोस, विशेषतः बोर्डाला गोल जॅकमधून १२ व्होल्ट देत असशील तर. वरचे ७ व्होल्ट बोर्डावरचा रेग्युलेटर उष्णता करून जाळतो, दोन वॉटच्या वर, आणि आपल्याकडच्या एप्रिलमध्ये तो दुपारी मान टाकतो. रिलेंना वेगळा ५ व्होल्टचा सप्लाय दे. बीआयएस नोंदणीचा मार्क असलेला चांगला मोबाइल चार्जर पुरतो. कपॅसिटर आणि रेझिस्टर लावून २३० चे थेट ५ व्होल्ट करणारी सर्किटं इंटरनेटवर दिसतील. त्यांच्यात मेन्सपासून (२३० च्या लाइनपासून) आयसोलेशन, म्हणजे विजेची फारकत, नसते. यूएसबीची वायर लावलीस की लॅपटॉपच्या बॉडीला फेज येऊ शकते. त्या वाटेला जाऊच नकोस.

आता मॉड्यूल हातात घेऊन उलटा कर. खालच्या बाजूला रिलेच्या काँटॅक्टचे सोल्डरचे टोकदार थेंब उघडे दिसतील. तू बल्ब लावलास तेव्हा त्या थेंबांवर २३० व्होल्ट होते आणि मॉड्यूल टेबलावर तसाच पडला होता, बरोबर ना? टेबल लोखंडी असतं तर? मॉड्यूलला चारही कोपऱ्यांत नायलॉनचे स्पेसर लाव आणि प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डबीत स्क्रूने बसव. मग काँटॅक्टच्या बाजूच्या पट्ट्या आणि कॉइलच्या बाजूच्या पट्ट्या यांच्यातलं अंतर बघ. ६ मिलिमीटरच्या खाली असेल तर तो बोर्ड १२ व्होल्टच्या कामाला ठेव, २३० ला नको. बऱ्या बोर्डांवर कॉमनच्या पिनभोवती फायबर कापून खाच पाडलेली असते, ती याचसाठी. आणि त्या पट्ट्यांची जाडी बघितलीस की १० अँपिअरचं स्वप्न आपोआप उतरतं. माझ्या हिशोबाने असल्या मॉड्यूलवर दोन-तीन अँपिअरच्या वर जाऊ नये.

मॉड्यूलवरच्या ऑप्टोकपलरबद्दल (प्रकाशातून सिग्नल पलीकडे देणारा भाग) बरेच गैरसमज आहेत. दुकानदार 'ऑप्टोवाला आहे, सेफ आहे' म्हणून देतो. मेन्सपासून तुला वाचवतो तो रिले स्वतः, त्याच्या कॉइल आणि काँटॅक्टमधलं अंतर. ऑप्टो असतो तो कॉइलच्या गडबडीपासून अर्डुइनोला लांब ठेवायला. तेही तुझा जेडी-व्हीसीसीचा (रिलेंच्या सप्लायच्या पिनचा) जंपर काढलेला असेल आणि रिलेचा सप्लाय वेगळा असेल, तरच. जंपर तसाच ठेवला तर दोन्हीकडचा सप्लाय आणि ग्राउंड एकच, ऑप्टो नुसता शोभेला. पुढे ३.३ व्होल्टचा ईएसपी (वाय-फायवाला) बोर्ड घेणार असशील तर तिथेही हेच कर: व्हीसीसीला (बोर्डाकडच्या सप्लायच्या पिनला) ३.३, जेडी-व्हीसीसीला ५. व्हीसीसीला ५ दिलेस तर काही मॉड्यूलवर रिले बंद व्हायलाच कुरकुरतो.

कूलरकडे येऊ. पंप वीस-चाळीस वॉटचा असतो, रिलेला काहीच नाही. भीती वेगळी आहे: पत्र्याची बॉडी, आत पाणी, ओली फरशी आणि अनवाणी माणूस. उन्हाळ्यात कूलरचा शॉक बसल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, त्यात अर्डुइनो कुठेच नसतो. म्हणून पंपाला हात लावण्याआधी घराचा बोर्ड उघडून बघ, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) आहे का. एमसीबी असणं पुरेसं नाही. ६ अँपिअरची एमसीबी ६ अँपिअरच्या वर कधीतरी पडते, माणसाच्या छातीतून त्याच्या शंभराव्या हिश्शाइतका करंट गेला तरी हृदयाचं काम बिघडू शकतं. आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पुरता परत आला का ते बघते, ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तुटते. अर्थिंग नीट असेल तर पंपात पाणी शिरताक्षणीच तुटते, अर्थिंग नसेल तर कुणीतरी हात लावल्यावर, त्याला झटका बसून तुटते. त्यामुळे कूलरच्या बॉडीला हिरवी वायर हवीच. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघत जा. पण एक ध्यानात ठेव, एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरलास तर आरसीसीबीला तू पंपासारखाच एक लोड वाटतोस. ती पडणार नाही.

रिलेने तोडायची ती फेज, न्यूट्रल नाही. न्यूट्रल तोडलीस तर पंप बंद दिसतो आणि आत फेज उभी असते. सॉकेटकडे तोंड करून पाहिलं की अर्थ वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे असायला हवी. 'हवी' म्हणतोय, कारण जुन्या घरांत उलटी निघते. टेस्टर नुसता लुकलुकतो, त्याच्यावर जाऊ नकोस, मल्टिमीटरने फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्ही मोज. फेज कॉमनला, पंपाची वायर एनओला (रिले सुटलेला असताना उघडा असणारा काँटॅक्ट; एनसी त्याच्या उलट, तेव्हा जुळलेला). एनसीला लावलीस तर अर्डुइनो बंद पडला की पंप चालू राहील. वायरच्या सुट्या तारा तशाच पिळून टर्मिनलमध्ये कोंबू नकोस, पिन थिंबल लाव. एक सुटलेली तार शेजारच्या टर्मिनलला टेकली की झालं. ब्रेडबोर्डवर २३० आणायचे नाहीत. जंपर वायरमधूनही नाहीत. यावर मी चर्चा करत नाही.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड वापर. आपल्याकडच्या प्रत्येक वायरमनकडे असतो: १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब लोडच्या सिरीजमध्ये. कुठे शॉर्ट असेल तर धडाका होत नाही, बल्ब पूर्ण पेटतो आणि तुला कळतं. एलईडी बल्ब चालणार नाही, तारेचाच पाहिजे. मात्र हा बोर्ड शॉर्टपासून वाचवतो, शॉकपासून नाही. त्याच्याही आधी सगळा खेळ १२ व्होल्टवर करून बघ. रिलेच्या काँटॅक्टवर एलईडीची पट्टी लाव, पाण्याचा सेन्सर बुडव, काढ, अर्डुइनोची वायर उपट, परत लाव. चार दिवस तसंच चालू दे. २३० आल्यावर शिकण्यासारखं काही उरता कामा नये. आणि प्रोग्राम टाकताना प्लग सॉकेटमधून उपटलेला असू दे. बटण बंद करणं चालत नाही, उलट्या वायरिंगच्या घरात ते बटण न्यूट्रल तोडत असतं.

कोडबद्दल थोडंच, पण ते महत्त्वाचं आहे. हे मॉड्यूल बहुधा उलटे चालतात, पिन लो केली की रिले लागतो. अर्डुइनो सुरू होताना पिना इनपुट असतात, तोवर ठीक. मग तू पिन आउटपुट केलीस की ती लो होते आणि रिले टक्‌कन लागून सुटतो. लाइट गेली-आली की हे दर वेळी. उपाय साधा: आधी त्या पिनवर हाय लिही, नंतर तिला आउटपुट कर. पिन १३ रिलेला देऊ नकोस, सुरू होताना ती आपोआप लुकलुकते. ० आणि १ सिरीयलच्या, त्याही नकोत. वॉचडॉग लाव, म्हणजे कोड कुठे अडकला तर बोर्ड स्वतः रीसेट होऊन सगळं बंद अवस्थेत येईल. जुन्या बूटलोडरच्या (बोर्डात आधीच असलेला, प्रोग्राम चढवणारा कोड) नॅनोवर, म्हणजे छोट्या अर्डुइनोवर, मात्र वॉचडॉग लावला की बोर्ड रीसेटच्या फेऱ्यात अडकतो, ऊनोवर ही अडचण नाही. सेन्सर काहीही सांगो, पंप सलग किती वेळ चालू शकतो याला कोडमध्ये कमाल मर्यादा घाल.

'रिलेऐवजी सॉलिड स्टेट रिले (हलता काँटॅक्ट नसलेला, इलेक्ट्रॉनिक) घेऊ का' असंही विचारलंयस. आवाज येत नाही, काँटॅक्ट झिजत नाही, हे खरं. पण बंद असतानाही त्यातून थोडा करंट गळतो, शॉक द्यायला पुरेल इतका. दर अँपिअरला एक-दीड वॉट उष्णता निघते, म्हणून हीटसिंक लागतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये तो मोठाच लागतो. आणि बिघडतो तेव्हा बहुतेकदा शॉर्ट होऊन बिघडतो, म्हणजे लोड कायमचा चालू. हीटर हजारदा चालू-बंद करायचा असेल तर घे. कूलरच्या पंपाला गरज नाही. ट्रायकने (एसी चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) कूलरच्या पंख्याचा स्पीड कमी-जास्त करायचा विचार असेल तर अजून दोन वर्षं थांब.

आता मोटर, कारण खरा पेच तिथे आहे. बोअरवर आत्ता स्टार्टरची पेटी असणारच. त्यात काँटॅक्टर (तिन्ही फेज एकदम जोडणारा-तोडणारा दणकट रिले), ओव्हरलोड रिले (मोटरने जादा करंट ओढला की तोडणारा), हिरवं आणि लाल बटण. मोटरचा करंट तोच वाहील, त्याला तसाच राहू दे. ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॉट, त्याला एसी-३ चा (मोटरसाठीची श्रेणी) ९ अँपिअरचा काँटॅक्टर लागतो, तो याच कामासाठी केलेला असतो. अर्डुइनोने फक्त काँटॅक्टरच्या कॉइलला हुकूम द्यायचा. इथपर्यंत बरेच जण येतात आणि मग निळा रिले हिरव्या बटणाच्या दोन वायरींना समांतर जोडून मोकळे होतात. शेतातल्या पेटीत हेच धोक्याचं आहे. तिथली कॉइल बहुधा दोन फेजच्या मधे बसलेली असते, ४१५ व्होल्टची, कारण बोअरवर न्यूट्रलचा भरवसा नसतो. म्हणजे मोटर टाळली तरी ४१५ व्होल्ट तुझ्या अडीचशेच्या रिलेवर, त्या पातळ खाचेवर, आलेच.

मी काय करतो ते सांगतो. ४१५ चे २४ व्होल्ट करणारा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर, दोन्ही बाजूंना फ्यूज, आणि २४ व्होल्ट एसी कॉइलचा काँटॅक्टर. मग अर्डुइनोच्या रिलेवर येतात ते फक्त २४ व्होल्ट. लाल बटणाचा एनसी काँटॅक्ट, ओव्हरलोडचा एनसी काँटॅक्ट आणि सिंगल फेज प्रिव्हेंटरचा (एखादी फेज गेली की मोटर तोडणारा) काँटॅक्ट हे तिन्ही त्या २४ व्होल्टच्या वाटेत सिरीजमध्ये, तांब्याच्या वायरने. त्यांची खबर अर्डुइनोला देऊन 'बंद करायचं का' असं विचारायचं नाही. अर्डुइनोचा रिले चिकटला, पिन जळली, कोड लटकला, तरी लाल बटण दाबलं की मोटर बंदच झाली पाहिजे. एक ऑटो-ऑफ-मॅन्युअल सिलेक्टर स्विच बसव. तू सोलापुरात कॉलेजात असताना शेतावर वडिलांना मोटर चालू करायला तुझ्या कोडची गरज पडता कामा नये.

पेटीत काम करणाऱ्याची सोयही लगेच बघ. मोबाइलवरून मोटर चालू करायची सोय तू करणार, हे लिहिलं नाहीस तरी मला माहीत आहे. एक जण बोअरवर केबलचा जोड उघडून बसलाय आणि तू हॉस्टेलवरून चालू केलंस, असं घडू शकतं. पेटीच्या आधी कुलूप लावता येईल असा आयसोलेटर (येणारी लाइन तोडणारा स्विच) बसव. काम करणाऱ्याने कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची.

शेतीला थ्री फेज पाळीने येते, कधी दिवसा कधी मध्यरात्री. लाइट आली की ऑटोस्विचवाल्या (मोटर आपोआप चालू करणाऱ्या) सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) ताण येतो, म्हणून महावितरण ऑटोस्विच काढा म्हणत असतं. तुझा अर्डुइनो म्हणजे ऑटोस्विचच झाला. लाइट आल्यावर दोन ते पाच मिनिटं, दर वेळी थोडी वेगळी, थांबून मग चालू कर. बंद केल्यावर लगेच परत चालू करायची नाही, पाइपातलं पाणी खाली उतरताना पंप उलटा फिरत असतो.

एक त्रास तुला नक्की होणार आहे, तोही सांगून ठेवतो. काँटॅक्टर सुटला की एलसीडीवर अक्षरांच्या जागी चिनी दिसावं तसा कचरा येईल, किंवा अर्डुइनो रीसेट होईल. सगळे कोडमध्ये चूक शोधतात. चूक कॉइलमध्ये असते. सुटताना ती ठिणगी उडवते आणि तो झटका शेजारच्या वायरींत शिरतो. कॉइलच्या दोन टर्मिनलवर स्नबर लाव: १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ (मेन्सवर चालणारा) कपॅसिटर सिरीजमध्ये. एसी कॉइलवर डायोड लावायचा नाही, तो डीसीसाठी. सेन्सरच्या वायरी पिळून घे आणि मोटरच्या केबलच्या पट्टीतून नेऊ नकोस. अर्डुइनोचा सप्लाय काँटॅक्टरच्या ट्रान्सफॉर्मरवरून घेऊ नकोस. एवढ्यावर बहुतेक वेळा शांत होतं.

४१५ ची जोडणी तू करायची नाहीस, परवानाधारक वायरमन करेल. तू त्याला ड्रॉइंग दे आणि शेजारी उभा राहून बघ. बोअरच्या पेटीला स्वतःचा अर्थ खड्डा आहे का तेही त्याच दिवशी तपासून घे, पाणी घालायला कुणाला आठवत नाही.

पहिलं काम आता हे: मेन स्विच खाली करून, मीटरने तिन्ही फेज मेल्याची खात्री करून, वडिलांना किंवा वायरमनला पेटीचं झाकण काढायला सांग. काँटॅक्टरच्या कॉइलजवळ व्होल्ट छापलेले असतात, त्याचा फोटो काढ. ४१५ असेल तर त्याच काँटॅक्टरला २४ व्होल्टची कॉइल बदलून मिळते का ते आधी विचार, पुष्कळ मॉडेलला मिळते आणि अख्खा काँटॅक्टर घ्यावा लागत नाही. ट्रान्सफॉर्मर १०० व्हीएचा (व्होल्ट गुणिले अँपिअर) घे. कॉइल धरून ठेवायला दहाएक व्हीए लागतात, पण ओढून घेताना त्याच्या कितीतरी पट लागतात, आणि लहान ट्रान्सफॉर्मर घेतलास तर काँटॅक्टर नुसता घरघरत राहील.